कामशेतचे नवे घर आणि गरम पाण्याचा हिसाब
हीट पंप घ्यावा की नाही, घ्यायचा तर घर बांधतानाच काय ठरवावे

पुणे, पिंपरी-चिंचवड आणि मुंबईच्या आपल्या अनेक व्यापारी बांधवांनी गेल्या काही वर्षांत मावळात जागा घेतल्या. लोणावळ्याचे भाव ज्यांना पेलले नाहीत ते मळवली, कामशेत, कान्हे असे एकेक स्टेशन पुढे सरकले. कामशेतला लोकल थांबते, जुना मुंबई-पुणे रस्ता गावातूनच जातो, बाजारपेठ हाताशी आहे आणि इंद्रायणीचे खोरे डोळ्यांसमोर आहे. कोणी तेथे कायमचे राहावयास जात आहे, कोणी म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी घर बांधत आहे, तर कोणी दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देण्याचा विचार करीत आहे. अशा घरांच्या गोष्टी निघाल्या की फरशी, खिडक्या, किचन यांवर तासन्‌तास चर्चा होते. गरम पाण्याचा विषय मात्र शेवटी, प्लास्टर सुकल्यावर निघतो. मग घाईघाईने प्रत्येक न्हाणीघरात एक गिझर टांगला जातो आणि पहिल्या पावसाळ्याचे वीजबिल हातात आले की मालक कपाळाला हात लावतो.

हल्ली दुकानदार आणि आर्किटेक्ट ‘हीट पंप घ्या’ असा मशवरा देतात. हे यंत्र काय आहे, मावळच्या हवेत ते किती चालते, कोणाच्या फायद्याचे आहे आणि कोणी त्याच्या वाटेला जाऊ नये, याचा विचार आम्ही व्यापाऱ्याच्या नजरेने येथे मांडत आहोत. आम्ही इंजिनिअर नाही. पण कापड घेताना पन्ना, वजन आणि रंग पाहिल्याशिवाय ताग्याला हात न लावण्याची सवय आहे. तीच सवय येथे कामी येते.

हे यंत्र आहे तरी काय?

मावळच्या लोकांना हे समजावणे सोपे आहे. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथील तलावांचे पाणी घाटाखाली सोडून टाटांनी खोपोलीला वीजकेंद्र उभारले. १९१५ साली ते सुरू झाले आणि त्या विजेवर मुंबईच्या कापड गिरण्या चालल्या. पाणी उंचावरून खाली आपोआप येते. तेच पाणी खालून वर चढवायचे असेल तर पंप लागतो. उष्णतेचेही असेच आहे. गरम चहाची उष्णता थंड हवेत आपोआप जाते, थंड हवेतील उष्णता गरम चहात आपण होऊन जात नाही. ती उलट्या दिशेने नेणारे यंत्र म्हणजे हीट पंप, अर्थात उष्णतेचा पंप.

आपल्या घरातील फ्रिज हेच काम करतो. आतल्या भाजीपाल्याची उष्णता काढून तो मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, म्हणून ती जाळी गरम लागते. हीट पंप बाहेरच्या हवेतील उष्णता खेचून पाण्याच्या टाकीत टाकतो. त्यात एक वायू फिरत असतो. हवेच्या उष्णतेने त्याची वाफ होते, कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, दाबल्यामुळे ती खूप तापते, ती उष्णता पाण्याला देऊन पुन्हा द्रव होते आणि बारीक झडपेतून सुटून पुन्हा थंड होते. वीज लागते ती फक्त कॉम्प्रेसर आणि पंखा चालविण्यासाठी. म्हणून एक युनिट विजेत साधारण तीन ते चार युनिट इतकी उष्णता पाण्याला मिळते. या पटीला सीओपी म्हणतात. गिझरमध्ये एक युनिट विजेतून एकच युनिट उष्णता मिळते, त्याहून अधिक कधीच नाही.

ही काही जादू नाही, नवी गोष्टही नाही. १८५२ साली लॉर्ड केल्विन यांनी अशा यंत्राने इमारत उबदार करता येईल हे मांडले. १९३८ साली स्वित्झर्लंडमधील झुरिच शहराच्या जुन्या रातहाउसमध्ये शेजारच्या लिम्माट नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा हीट पंप बसला. आज नॉर्वेसारख्या गोठवणाऱ्या देशात निम्म्याहून अधिक घरांत हीट पंप आहेत.

तेथे तो खोल्या उबदार करण्यासाठी लागतो. कामशेतला खोल्या तापविण्याची गरज नाही. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या आसपास जातो खरा, पण त्याला चांगली रजई पुरे. आम्ही कापडाचा धंदा करतो म्हणून हे म्हणत नाही! फारच वृद्ध किंवा दमेकरी माणूस घरात असेल तर त्याच्या एका खोलीत थंड-गरम दोन्ही करणारा एसी बसवावा, तोही हीट पंपच होय. जमिनीत भोके पाडून तेथील उष्णता घेणारे हीट पंप परदेशात वापरतात. मावळच्या काळ्या कातळात तो खर्च करण्याचे कारण नाही, कारण येथील हवाच पुरेशी उबदार आहे. तेव्हा आपला प्रश्न फक्त गरम पाण्याचा आहे.

मावळची हवा आणि सोलरची अडचण

गरम पाणी म्हटले की पहिला विचार सोलरचा येतो आणि तो योग्यच आहे. ऊन फुकट आहे. पण लोणावळ्याला वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पूर्वेकडे वडगाव-तळेगावला जाईपर्यंत तो निम्म्याहूनही खाली येतो. कामशेत या दोन्हींच्या मध्ये आहे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत येथे ढग हटत नाहीत. शहरात ज्या महिन्यांत सोलर जेमतेम निभावतो, त्या महिन्यांत येथे तो केवळ छपरावरची शोभा ठरतो. आणि नेमक्या त्याच महिन्यांत ओले कपडे, सर्दी आणि गारठा यांमुळे गरम पाणी जास्त लागते.

हीट पंपाचे गणित येथे उलटे आहे. त्याला ऊन नको, हवा हवी. पावसाळ्यात मावळची हवा वीस ते सव्वीस-सत्तावीस अंशांच्या दरम्यान आणि ओलसर असते. ओली हवा यंत्राच्या थंड जाळीवर आली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते, आणि एक लिटर पाणी असे जमताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता यंत्राला देऊन जाते. म्हणजे ज्या दमटपणाला आपण शिव्या देतो, तोच यंत्राची कमाई वाढवतो. जेथे सोलर झोपतो तेथे हीट पंप उत्तम चालतो, हा मावळातील खरा मुद्दा आहे.

हिवाळ्याच्या पहाटे मात्र हवा थंड असते आणि सीओपी अडीचपर्यंत उतरू शकतो. त्यावर उपाय सोपा आहे. यंत्राला टायमर लावून ते दुपारी अकरा ते चार या वेळेत चालवावे. मावळात हिवाळ्याची दुपार चांगली उबदार असते. दुपारी तापलेले पाणी चांगल्या टाकीत फजरपर्यंत टिकते. रात्रभरात चार-पाच अंशांहून जास्त उतरले तर टाकीचे आवरण हलके आहे असे समजावे.

आधी माप, मग खरेदी

दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, ‘किती लिटरचा देऊ?’ हा प्रश्न त्याने विचारण्यापूर्वी उत्तर आपल्याकडे असले पाहिजे. माप असे काढावे.

टाकीतील पाणी ५५ अंश, नळाचे पाणी २० अंश आणि आंघोळीचे पाणी ४० अंश धरा. मिसळून ४० लिटर, म्हणजे दोन बादल्या, आंघोळीचे पाणी करायचे तर टाकीतून सुमारे २३ लिटर घ्यावे लागते, बाकीचे थंड. आठ माणसांचे घर असेल तर आंघोळीसाठी सुमारे १८५ लिटर झाले. फजर आणि इशाच्या वुजूसाठी माणशी प्रत्येक वेळी तीन लिटर कोमट पाणी धरले तर आठ जणांचे टाकीतून २० लिटर. भांडी व स्वयंपाकघर ३० लिटर. एकूण झाले २३५ लिटर. पाहुणे आणि लहान मुले धरून या घराला ३०० लिटरची टाकी योग्य. चार माणसांच्या घराला १५० ते २०० लिटर पुरतात.

शॉवरवाल्यांनी मात्र वेगळा हिसाब करावा. मिनिटाला आठ लिटरचा शॉवर आठ मिनिटे चालला की ६४ लिटर गेले. वाहत्या नदीकाठी बसूनही वुजूला पाणी वाया घालवू नये, ही आपल्याला शिकवण आहे. बादलीने आंघोळ करणाऱ्या घराला लहान टाकी, लहान यंत्र आणि लहान बिल पुरते. काटकसर आणि दीन येथे एकाच बाजूला आहेत.

यंत्राची ताकदही पाहावी. ३०० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायचे म्हणजे १०,५०० किलोकॅलरी लागतात. ८६० किलोकॅलरी म्हणजे एक युनिट, म्हणून ही उष्णता झाली सुमारे १२.२ युनिट. चार किलोवॉट उष्णता देणारे यंत्र हे काम तीन तासांत करील आणि वीज घेईल सव्वा ते दीड किलोवॉट. गिझरप्रमाणे बटण दाबून दहा मिनिटांत पाणी मिळत नाही, हे घरातील सर्वांना आधीच समजावून सांगावे. हे भांडवलासारखे आहे, आधी साठवायचे आणि मग खर्चायचे.

रोजच्या खर्चाची तुलना

हिसाब सोपा व्हावा म्हणून आम्ही विजेचा दर युनिटला १० रुपये धरला आहे. प्रत्येकाने आपल्या महावितरणच्या बिलावरील एकूण रकमेला युनिटने भागून आपला खरा दर काढावा आणि तो येथे घालावा. रोज ३०० लिटर पाणी तापवायचे आहे.

गिझर : गळती धरून रोज सुमारे १३ युनिट, म्हणजे १३० रुपये.

हीट पंप : सीओपी तीन आणि थोडी गळती धरून रोज साडेचार युनिट, म्हणजे ४५ रुपये.

गॅस गिझर : सुमारे १.२ किलो गॅस. १४.२ किलोचा सिलिंडर बारा दिवसांत संपेल. सिलिंडर ९०० रुपयांचा धरला तर रोजचे ७५ रुपये.

सोलर : उन्हाच्या दिवशी शून्य, ढगाच्या दिवशी गिझरइतका खर्च.

आता वर्षाचा हिसाब. उन्हाळ्याचे ९० दिवस गरज निम्मी धरली तर वर्षात सुमारे ३२० पूर्ण दिवस भरतात. गिझरला ४,१६० युनिट, म्हणजे ४१,६०० रुपये लागतील. हीट पंपाला १,४४० युनिट, म्हणजे १४,४०० रुपये. फरक २७,२०० रुपयांचा. सोलरसोबत गिझर जोडलेला असेल आणि पावसाळ्याचे ११० दिवस तो गिझरच चालला तर १,४३० युनिट, म्हणजे १४,३०० रुपये.

वाचकबंधूंनी शेवटचे दोन आकडे पुन्हा पाहावेत. मावळात सोलर अधिक गिझर आणि एकटा हीट पंप यांचा वर्षाचा खर्च जवळजवळ सारखा येतो. म्हणून ज्यांच्या छपरावर आधीच चांगला सोलर आहे त्यांनी तो काढून टाकू नये. नवीन घर बांधणाऱ्याने मात्र दोन्हींची किंमत, छपरावरची जागा आणि झाडांची सावली पाहून निवड करावी.

गॅस गिझरबद्दल एक गोष्ट पैशांपलीकडची आहे. बंद न्हाणीघरात गॅस जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या आपण वाचतो. ज्यांच्या घरी असा गिझर आहे त्यांनी तो न्हाणीघराच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवून फक्त पाण्याची नळी आत घ्यावी. दोन-चार हजार रुपये वाचविण्यासाठी मुलाबाळांचा जीव टांगणीला लावू नये.

कोणी घेऊ नये?

विकणारा हे सांगणार नाही, म्हणून आम्ही सांगतो. हीट पंप चार गिझरपेक्षा एक लाख रुपयांनी महाग पडला असे धरा. रोज राहणाऱ्या आठ माणसांच्या घरात वर्षाला २७,२०० रुपये वाचले तर पावणेचार वर्षांत पैसे वसूल होतात. यंत्र दहा-बारा वर्षे चालले की बाकीची सर्व वर्षे नफ्याची.

तेच यंत्र फक्त शनिवार-रविवारी उघडणाऱ्या बंगल्यात बसवले तर काय होते? महिन्याचे आठ दिवस, वर्षाचे ९६. बचत सुमारे ८१६ युनिट, म्हणजे ८,१६० रुपये. लाख रुपये वसूल व्हायला बारा वर्षे लागतील, म्हणजे यंत्र मोडीत निघण्याची वेळ येईल. शिवाय बंद घरात सोमवार ते शुक्रवार कोणी टायमर चालू ठेवला तर तीही बचत जाईल. कामशेतच्या परिसरातील बरेच बंगले असेच आहेत. अशा मालकांनी दोन चांगले पाच-स्टार गिझर घ्यावेत आणि उरलेला पैसा धंद्यात घालावा. शेजाऱ्याने घेतले म्हणून घेणे हा इसराफच होय, यंत्र कितीही काटकसरीचे असले तरी.

चार माणसांच्या लहान घरानेही घाई करू नये. लहान यंत्राची किंमत निम्मी होत नाही, बचत मात्र निम्मी होते.

प्लास्टरच्या आधी ठरवावयाच्या गोष्टी

घर नवे आहे हाच मोठा फायदा आहे. खालील गोष्टी नकाशावर असताना फुकट होतात, नंतर त्यासाठी भिंती फोडाव्या लागतात.

एक : न्हाणीघरे एकावर एक किंवा पाठीला पाठ लावून घ्यावीत आणि टाकी त्यांच्या जवळ ठेवावी. पाऊण इंची नळाच्या एका मीटरमध्ये सुमारे ०.३ लिटर पाणी मावते. टाकी वीस मीटर दूर असेल तर प्रत्येक वेळी सहा लिटर थंड पाणी सोडून दिल्यावर गरम पाणी येते. फजरच्या वेळी पाच जणांनी वेगवेगळ्या वेळी नळ उघडला तर तीस लिटर पाणी गटारात गेले आणि नळात अडकलेले गरम पाणी थंड झाले ते वेगळेच. घर मोठे असेल तर परतीचा नळ आणि टायमरचा लहान पंप बसविण्याची सोय ठेवावी.

दोन : गरम पाण्याचा नळ सीपीव्हीसीचा किंवा त्या तापमानाला चालणारा असावा, साधा पीव्हीसी नको. त्यावर फोमचे आवरण घातल्याशिवाय भिंत बुजवू देऊ नये. प्लंबर ‘काही फरक पडत नाही’ म्हणेल. फरक रोज पडतो.

तीन : यंत्र मोकळ्या हवेत असावे. बंद खोलीत ठेवले तर ते त्याच खोलीची हवा थंड करीत बसते आणि आपलीच कमाई घटवते. वर छज्जा हवा, कारण मावळचा पाऊस आडवा येतो. खाली उंच ओटा हवा आणि जाळीवर जमलेले पाणी वाहून जाण्यास नळी हवी. पावसाळ्यात ते बादलीभर निघते.

चार : यंत्राचा आवाज एसीच्या बाहेरच्या पेटीइतका असतो. ते शेजाऱ्याच्या झोपण्याच्या खिडकीसमोर बसवू नये. शेजाऱ्याचा हक्क आपल्याला ठाऊक आहे.

पाच : पाण्याचा दाब तपासावा. दहा मीटर उंचीला एक बार दाब मिळतो. गच्चीवरची टाकी शॉवरपेक्षा तीन मीटरच उंच असेल तर ०.३ बारच मिळणार. थंड आणि गरम पाण्याचा दाब सारखा नसेल तर मिक्सरमध्ये पाणी नीट मिसळत नाही. प्रेशर पंप लावायचा तर त्या दाबाला चालणारी टाकी मागावी. टाकीला सेफ्टी व्हॉल्व्ह आणि एकतर्फी झडप असलीच पाहिजे.

सहा : विजेचा भार आधी मोजावा. दोन किलोवॉटचे चार गिझर म्हणजे आठ किलोवॉट. हीट पंप दीड किलोवॉटमध्ये भागतो. म्हणजे मंजूर भार कमी ठेवता येतो, त्यावरचा खर्च वाचतो. अर्थिंग पक्के करून घ्यावे. कातळाच्या जमिनीत ते नीट होत नाही, म्हणून मोजून दाखवावयास सांगावे. पावसाळ्यात व्होल्टेज खालीवर होते, म्हणून स्टॅबिलायझरची जागा ठेवावी.

सात : बोअरचे पाणी असेल तर ते तपासून घ्यावे. जड पाण्याने टाकीत आणि कॉइलवर क्षार बसतो आणि यंत्र जास्त वेळ चालते. टाकीतील मॅग्नेशियमचा रॉड स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवतो. तो दरवर्षी पाहावा आणि झिजला की बदलावा.

आठ : वीज जाण्याची सोय करावी. वादळात तार तुटली तर दिवस-दिवस अंधार असतो. टाकीतील साठा एक दिवस पुरतो, त्यानंतर चूल किंवा जुना तांब्याचा बंबच कामी येतो. बंब भंगारात देऊ नये.

गच्चीवर सौर विजेचे पॅनल बसवणाऱ्यांना येथे दुहेरी फायदा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन व त्याहून अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान ठरविण्यात आले. अर्ज करताना चालू नियम पाहून घ्यावेत. एक किलोवॉटचे पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे चार युनिट देते. हीट पंपाला साडेचार युनिट लागतात. म्हणजे सव्वा किलोवॉट पॅनल घराचे गरम पाणी ओढू शकते, तेही दुपारी, जेव्हा पॅनल आणि यंत्र दोन्ही जोरात असतात.

दुकानदाराला काय विचारावे?

सीओपी कोणत्या हवेत आणि पाणी किती अंशांपर्यंत तापवून मोजला? तीस-पस्तीस अंश हवेतला आकडा कामशेतच्या जानेवारीत लागू पडत नाही. पंधरा अंश हवेत किती, हे लिहून घ्यावे.

आत वायू कोणता? आर-२२ असेल तर घेऊ नका. ओझोनच्या संरक्षणासाठी १९८७ साली झालेल्या मॉन्ट्रियल करारानुसार तो जात असून आपल्या देशात २०३० पर्यंत त्याचा वापर जवळजवळ संपायचा आहे. पुढे तो भरायला मिळणे कठीण. आर-१३४ए, आर-३२, आर-४१०ए हे सध्या प्रचलित आहेत. आर-२९० म्हणजे प्रोपेन. हवामानाला तो सर्वांत कमी घातक, पण ज्वालाग्राही, म्हणून त्याचे यंत्र बाहेर मोकळ्या जागीच आणि जाणकार माणसाकडूनच बसवावे.

पाणी ६० अंशांपर्यंत जाते का? कोमट पाणी दिवसेंदिवस साठून राहिले तर त्यात लेजिओनेला नावाचे जंतू वाढतात. आठवड्यातून एकदा ६० अंश करणे चांगले.

सर्व्हिसचा माणूस कोठून येणार? पुण्याजवळ चाकणला गिझर बनविणारा रॅकोल्डचा कारखाना आहे, इतर कंपन्यांचे विक्रेते पुणे-चिंचवडला आहेत. परंतु कंपनी जवळ असणे आणि माणूस वेळेवर येणे यांत फरक आहे. कामशेत, वडगाव किंवा तळेगावात आधी बसवलेल्या दोन ग्राहकांना भेटावे आणि गेल्या जुलैत यंत्र कसे चालले ते विचारावे.

कॉम्प्रेसर, टाकी आणि कॉइल यांची वॉरंटी वेगवेगळी किती? जड पाण्यामुळे किंवा अर्थिंग नसल्यामुळे ती रद्द होते का? उत्तरे तोंडी नकोत, पक्क्या बिलासोबत कागदावर हवीत.

आणि पैशांची गोष्ट. ‘बिनव्याजी हप्ता’ असे फलक सर्वत्र लागलेले असतात. रोखीची किंमत आणि हप्त्याची किंमत वेगवेगळी विचारावी. रोखीत मिळणारी सूट हप्त्यात गायब होत असेल आणि फायनान्सच्या कागदावर व्याजाचा रकाना भरलेला असेल तर तो मामला सही करण्यापूर्वी आपल्या आलिमांना दाखवावा. घर बांधताना नळ आणि जागा तयार ठेवून यंत्र वर्षभराने रोखीने घेणे, हा सर्वांत स्वच्छ मार्ग आम्हाला वाटतो.

मस्जिद, मदरसा आणि आपले कारागीर

या यंत्राची बरकत खरी दिसते ती जेथे रोज पुष्कळ पाणी लागते तेथे. काश्मीरच्या मस्जिदींत दगडी फरशीखाली लाकूड जाळून हमाम तापवतात, तेथील थंडीत तो रिवाज योग्यच. आपल्याकडील निवासी मदरसे, मुसाफिरखाने, लहान लॉज, लग्नाचे हॉल येथे मात्र पन्नास-शंभर माणसांचे पाणी आजही लाकडावर किंवा गिझरवर तापते. तेथे वसुली घरापेक्षा लवकर होते. ट्रस्टच्या मंडळींनी महिन्याच्या लाकडाचे किंवा विजेचे बिल घेऊन वरील हिसाब करून पाहावा. मालेगाव, भिवंडीच्या बांधवांनी मात्र लक्षात ठेवावे की साइझिंगला वाफ लागते, ते काम साध्या हीट पंपाचे नाही. बॉयलरला जाणारे पाणी आधी कोमट करण्यापुरता तो उपयोगी पडू शकतो.

आणि आमच्या मते सर्वांत मोठी संधी कारागिरांची आहे. आपल्या मोहल्ल्यांत फ्रिज-एसी दुरुस्त करणारे, प्लंबिंग करणारे, पत्र्याचे आणि तांब्याचे काम करणारे हात कमी नाहीत. हीट पंप हा अर्धा फ्रिज आणि अर्धा प्लंबिंग आहे. प्लंबरला वायू कळत नाही, फ्रिजवाल्याला पाण्याचा दाब कळत नाही, म्हणून बसवताना घोटाळे होतात. दोघांनी भागीदारी केली तर मावळात काम कमी पडणार नाही. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा कोर्स आहे. दहावी झालेल्या मुलांनी त्याकडे पाहावे. नवे ज्वालाग्राही वायू आता बाजारात येत आहेत, ते हाताळण्याचे शिक्षण घेतलेल्या माणसाला मजुरी नव्हे, फी मिळेल.

शेवटी एवढेच. रोज राहणारे मोठे कुटुंब, पावसाळी मुलूख आणि विजेवर तापणारे पाणी, या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र आहेत तेथे हीट पंप फायद्याचा सौदा आहे. त्यांतील एकही गोष्ट नसेल तर पुन्हा कागद-पेन्सिल घेऊन बसावे. नळ, जागा आणि अर्थिंग मात्र प्रत्येकाने स्लॅब पडताच ठरवून टाकावे, मग यंत्र कोणतेही येवो. घर एकदाच बांधले जाते, त्यात घरातील म्हाताऱ्या माणसाला थंडीच्या फजरला कोमट पाणी मिळाले तर त्याची दुआ त्या घराला लाभेल, इन्शाअल्लाह.